विषाचा पैसा

डबीर साहेबांना त्या एका तांब्याच्या पैशातून काय मिळणार होतं, ते आधी सांगतो. नाणी जमवणाऱ्यांच्या मंडळाचा वार्षिक अंक निघायचा, त्यात चार पानांचा लेख, फोटोसकट. कोल्हापूरच्या कारखानीस डॉक्टरांचं पडलेलं तोंड, हा वरकड लाभ. कारण या डॉक्टरांनी आदल्या वर्षी भर सभेत साहेबांच्या संग्रहाकडे बघून ‘तांब्याची मोड बरी जमवली आहे’ असं म्हटलं होतं आणि ते साहेबांच्या घशात वर्षभर अडकलं होतं. शिवाय तसला नमुना पुढे जगात कुठंही निघाला, तर त्याला डबीरांचं नाव लागणार. रुपयांत धरलं तर सगळं मिळून दीडशेच्या वर जात नाही. पण संग्राहक माणूस रुपयांसाठी पाप करत नसतो, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो. तो त्याहून स्वस्तात करतो.

आणि हे सगळं त्यांना बसाप्पा शेटे वैद्यांच्या दुकानात, एका पितळी डबीचं झाकण निघाल्या निघाल्या दिसलं.

साल एकोणीसशे एकोणसत्तर, जानेवारीचा शेवटचा सोमवार. मी वजनमापे खात्यात सहायक होतो. निरीक्षक डबीर साहेब पुढं, मी मागं. माझ्या हातात प्रमाण वजनांची पेटी. दुकानदाराची वजनं आमच्या वजनांशी ताडून बघायची, बरोबर असतील तर शिक्का ठोकायचा, जुनी शेर-छटाकाची सापडली तर जप्त करायची. अडतीस वर्षांचा होतो, पदरी तीन मुलं. डबीर साहेब मूळचे पुण्याचे, बोलणं गोड. दौऱ्यावर त्यांचं अर्धं लक्ष काट्यावर आणि अर्धं दुकानदाराच्या गल्ल्यातल्या जुन्या चिल्लरीवर असायचं.

“ही काय भानगड?” त्यांनी डबी पुढं सरकवली. आत कंपनी सरकारच्या काळातले पाव आणे. आमच्या भागात त्याला साधं पैसाच म्हणत. सहा सुटे, सातवा तांबड्या चिंधीत बांधलेला.

“वजनं हैत साहेब,” आण्णा म्हणाले. शेटे वैद्यांना सगळं साळवडे गाव आण्णाच म्हणायचं. सत्तरी उलटलेली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, गळ्यात चांदीचं लिंग. “पर तुमच्या कायद्यातली न्हवंत. गिऱ्हाइकाला देताना तुमची छापाची वजनं, ती बघा तिकडं मांडल्यात. ही माझ्या घरची. औषध घोटताना लागत्यात.”

“पैशांनी औषध तोलता?”

“आज्जापासनं. पैसाभार सुंठ, पैसाभार पिंपळी. वहीतच तसं लिवलंय.”

“आणि हा सोवळ्यातला कोण?”

“त्यो विषाचा पैसा.”

मी हसलो. आतल्या दारात आण्णांची लेक निलव्वा खलबत्ता घेऊन बसली होती. पस्तिशीची विधवा बाई, बापाच्या हाताखालीच शिकलेली. तिचा बत्ता थांबला. “हसू नका ओ दादा. तापाच्या गोळीत बचनाग पडतोय. जास्त पडला तर माणूस जातोय. त्यो ह्या एकाच पैशावर तोलायचा, दुसऱ्या कशावर न्हाई.”

“का, या पैशाला काय सोनं लागलंय?”

“आज्जानं शंभर पैसं तोलून त्यातनं ह्यो एक निवडला,” आण्णा म्हणाले. “वहीत आकडा हाय, तेवढ्याच भाराचा पायजे हुता. आमच्या घरात एक रीत हाय बघा. नवी गोळी केली की रोग्याला एक द्यायची असंल तर पहिल्या दोन वैद्यानं खायच्या. दोन प्रहर थांबायचं. वैद्य बसला तर बरणी भरायची, आडवा झाला तर पुरून टाकायची. तीन पिढ्यांत कोण आडवा झालेला न्हाई.”

साहेबांचं आता या रीतीकडं लक्ष नव्हतं. त्यांनी चिंधी सोडली होती, खिशातलं भिंग काढलं होतं आणि ते दाराच्या उजेडाकडं वळले होते. त्यांचे ओठ हलायला लागले. हे ओठ मला ठाऊक होते. पैशाच्या मागच्या बाजूला पानांचं कडं असतं, त्या पानांत बारीक फळं कोरलेली असतात. साहेब ती फळं मोजत होते. कोणत्या ठशात किती फळं, यावर ही माणसं एकमेकांशी वर्षानुवर्षं बोलत नाहीत.

दोनदा मोजलं. मग भिंग खिशात टाकलं आणि आवाज एकदम सरकारी झाला.

“पोतदार, पावती करा. बेकायदा वजनं, तांब्याची, नग सात.”

“साहेब,” आण्णा उठून उभे राहिले, “सहा न्या. माझी ना न्हाई. ह्यो एक ठेवा. माघ संपायच्या आत गोळी घोटायची असती, पुढं तापाचं दिस येत्यात. लोकं वाट बघत्यात.”

“काट्याशेजारी सापडलं म्हणजे वापरातलंच. तपासून परत मिळेल.”

“मिळंल न्हवं?”

“आण्णा, मी सरकार आहे. चोर नाही.”

“दोन्ही एकाच सदऱ्यात मावतंय की,” निलव्वा बत्त्याकडं बघत म्हणाली.

साहेब हसले. मीही हसलो, आणि पावती फाडली.

पंधरा दिवस डबी आमच्या कचेरीत होती. आण्णांनी दोनदा माणूस पाठवला. दोन्ही वेळा मी ‘तपासणी चालू आहे’ म्हणून सांगितलं. दहा फेब्रुवारीला साहेबांनी मला खोलीत बोलावलं. टेबलावर आण्णांची डबी, आणि शेजारी साहेबांचा स्वतःचा, जादाची नाणी ठेवायचा बिस्किटांचा डबा. त्यांनी त्या डब्यात बोट फिरवून एक पैसा काढला, दोन-तीनदा उलटापालटा केला, तांबड्या चिंधीत बांधला आणि गाठ मारली. गाठ अगदी तशीच. हात सफाईचा होता माणसाचा.

“उद्या परत करून या. सही घ्या.”

“साहेब, हा तो नव्हे.”

“त्याला कंपनीचा पाव आणा हवाय, मी पाव आणा देतोय. साल तेच, रंग तोच. उलट याच्यावरचे सिंह जास्त स्पष्ट आहेत. फायदा त्याचाच झाला.”

“पण ते वजन म्हणून वापरतात. विषाचं.”

“दोन्ही एकाच टांकसाळीतले, एकाच मापाचे. तुम्हाला कंपनीपेक्षा जास्त कळतं?”

खोलीच्या कोपऱ्यात काचेच्या पेटीत आमचा नाजूक काटा होता. केस ठेवला तरी पारडं हलायचं. सोन्याची वजनं तपासायला दिलेला. मी तिकडं वळलो आणि काचेच्या दाराला हात घातला. एवढंच करायचं होतं. या बाजूला तो, त्या बाजूला हा. अर्ध्या मिनिटाचं काम.

“राहू दे ते,” साहेब म्हणाले. “उघडलं की धूळ बसते. आणि पोतदार, नाणं तोलायचं नसतं. वाचायचं असतं.” मग कागद सारखे करता करता, “सांगलीच्या बदलीचा तुमचा अर्ज माझ्याच शिफारशीनं पुढं जायचाय, नाही का?”

“होय साहेब.”

“थोरल्याला तिथल्या शाळेत घालायचंय म्हणाला होतात. लक्षात आहे माझ्या.”

मी काचेवरचा हात काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात गेलो, तर आण्णांनी मला आधी पाट दिला, मग ताक. सहा पैसे एकेक करून चाचपले आणि खाली ठेवले. सातव्याची चिंधी सोडली, पैसा डाव्या तळव्यावर ठेवला आणि डोळे मिटले. नाहीतरी त्या डोळ्यांचा उपयोग नव्हता. तळवा वर-खाली झाला. पुन्हा झाला.

“पोतदार, ह्यो जड लागतोय.”

“पंधरा दिवस हातात नव्हता तुमच्या.”

“त्ये बी खरंच. तुमी तोललासा?”

“तोलला.”

“सायबानं?”

“खात्यानं. काट्यावर.” हे मी म्हणालो. कुणी माझ्या तोंडात घातलं नव्हतं. साहेबांनी फक्त डबी पोचवायला सांगितलं होतं.

“आकडा ताडला?”

“बरोबर आहे सगळं, आण्णा. सही करा.”

आण्णांनी अंगठ्यानं पैसा चोळून बघितला. मग हसले आणि पैसा चिंधीत बांधला. “मग माझाच हात म्हातारा झाला म्हणायचा. सरकारच्या काट्यापुढं आपण काय.” त्यांनी मोडीत सही केली. मी उठलो तर म्हणाले, “थांबा की. मंडळींना खोकला हाय म्हणाला हुतासा गेल्या पावसाळ्यात.” त्यांनी अडुळशाची पुडी बांधून दिली. पैसे घेतले नाहीत. मी आग्रह केला नाही.

पाचव्या दिवशी न्हाव्याकडं दाढीला बसलो होतो, तिथं कळलं. आण्णांनी आदल्या सकाळी तापाच्या गोळीचा नवा घाणा काढला होता, रीतीप्रमाणं दोन गोळ्या पाण्याबरोबर घेतल्या होत्या आणि ओट्यावर बसले होते. तासाभरात ओठ बधिर झाले. काय झालंय ते गावात सगळ्यात आधी त्यांना कळलं. लेकीला हाक मारून म्हणाले, सगळ्या गोळ्या पुरून टाक, ओढ्यात टाकू नको, जनावरं पितात. दुपारच्या आत गेले.

“डोळ्यानं दिसत न्हाई आणि हातात विष,” न्हावी वस्तरा पुसत म्हणाला. “देवानंच वाचवलं म्हणायचं आपल्याला. गेल्या साली माझ्या पोरानं खाल्ली हुती त्याच्या हातची गोळी.”

“आणि बरा झाला होता ना पोरगा?”

“झाला की.”

“मग?”

“मग काय? नशीब.”

पंधरा खेड्यांतल्या माणसांचे ताप या माणसानं चाळीस वर्षं उतरवले, आणि एका सकाळीत ते सगळं नशीब झालं. पोलीस पाटलानं पंचनाम्यात लिहिलं, वार्धक्यामुळे मापात चूक. मी तो पंचनामा वाचला. संताप आला. कुणावर, ते मात्र मी त्या दिवशी स्वतःला विचारलं नाही. पाटलाला मनात शिव्या घातल्या, न्हाव्याला घातल्या. त्या दोघांना घालायला सोप्या होत्या.

तिसऱ्या दिवसाचं उरकून निलव्वा कचेरीत आली. सकाळचे अकरा. साहेब खोलीत, मी दारापाशी. तिनं पदराची गाठ सोडली आणि टेबलावर दोन गोष्टी ठेवल्या. एक तो पैसा. दुसरी, गुंजांची पिशवी. सोनार वजनाला वापरतात त्या तांबड्या-काळ्या बिया.

“ह्यो तोला,” ती म्हणाली.

“बाई, झालं ते फार वाईट झालं,” साहेब म्हणाले. “पण त्याचा या खात्याशी...”

“आमच्या वहीत लिवलंय, विषाचा पैसा चाळीस गुंजा. पणजोबाच्या हातचं हाय. काल मी सोनाराच्या काट्यावर घातला. त्रेपन्न भरल्या. चाळीसाचा पैसा तुमच्याकडं पंधरा दिस राहून त्रेपन्नाचा कसा झाला?”

“गुंजा लहान-मोठ्या असतात. ओल्या-सुक्या असतात. म्हणून तर सरकारनं ही मापं बंद केली.”

“तेरा गुंजा वल्या निघाल्या व्हय?”

“आवाज खाली.”

“माझा आवाज खालीच हाय साहेब. वर काढला तर तुमची कौलं ऱ्हायची न्हाईत.” तिनं टेबलाची कड घट्ट धरली होती. “मला तुमच्याकडनं काय बी नको. न्हाई भरपाई, न्हाई काय. एक वळ लिवून द्या. पैसा बदलला हुता, एवढीच. आण्णांचा हात चुकला न्हाई, हे कागदावर पायजे मला. गाव म्हणतंय, बापानं माप चुकवलं, तर लेक काय तोलणार. दोन दिसांत एक गिऱ्हाईक दारात आलं न्हाई. मी काय करून खाऊ?”

“वाट्टेल त्याच्या सांगण्यावरून सरकारी अधिकारी लेखी देत नसतो. नग सात घेतले, नग सात दिले. तुमच्या वडिलांची सही आहे.”

तेव्हा ती माझ्याकडं वळली.

“दादा, तुमी आलता डबी घेऊन. आण्णा म्हणालं जड लागतोय, तवा तुमी म्हणालासा खात्यानं तोललाय. मी आतच हुते. तुमी गेल्यावर मी म्हणलं, आण्णा, गुंजा घालून बघूया. तर मलाच रागं भरलं. म्हणलं, सरकारच्या माणसानं माझ्या घरात बसून, माझं ताक पिऊन सांगितलंय. त्यावर गुंजा घालायच्या म्हंजे त्याला खोटा म्हणायचं.” ती थांबली. “आता तुमीच सांगा. तोललासा तवा किती भरला हुता?”

साहेबांनी वर पाहिलं नाही. ते पेन्सिलीला टोक करत होते. टेबलाच्या उजव्या हाताला बदल्यांची फाईल होती. त्यांनी ती तिथं मुद्दाम ठेवली होती की नेहमीच असायची, मला आजही सांगता येणार नाही. सांगता आलं तरी काय फरक पडतो.

“होता तेवढाच होता,” मी म्हणालो.

“म्हंजे किती?”

“त्रेपन्न. आधीपासूनच.”

ती रडेल असं वाटलं होतं. रडली नाही. तिनं पिशवी उचलली आणि पैसा तिथंच राहू दिला.

“ह्यो तुमचाच हाय. ठेवा,” ती म्हणाली. “आणि दादा, खोकला गेला का मंडळींचा?”

 उत्तर तिला नकोच होतं.

ती गेल्यावर साहेबांनी पैसा उचलला, फुंकर मारली आणि बिस्किटांच्या डब्यात टाकला. “गरीब लोकांना दुःखात कुणीतरी दोषी लागतो,” ते म्हणाले. “चहा सांगा.” मी चहा सांगितला.

मंडळाचा अंक एप्रिलात आला. साहेबांनी एक प्रत मला मुद्दाम सही करून दिली. लेख इंग्रजीत होता. माझं इंग्रजी बेताचं, पण फोटो ओळखता आला आणि आकडे वाचता आले. फळं किती, पानं किती, व्यास किती. आणि खाली एक ओळ. ती मी कचेरीतल्या कारकुनाकडून मराठीत करून घेतली, चूक नको म्हणून. या नमुन्याचं दुसरं वैशिष्ट्य म्हणजे त्याची हलकी चकती; प्रस्तुत लेखकानं अचूक काट्यावर स्वतः वजन घेतलं असून ते नेहमीच्या पाव आण्यापेक्षा सुमारे एक चतुर्थांशानं कमी भरतं. लेखाच्या शेवटी लेखकाचं नाव, आणि नावाखाली तारीख. चार फेब्रुवारी.

मी डबी परत केली अकरा फेब्रुवारीला.

म्हणजे काचेच्या पेटीतला काटा उघडला गेला होता. धूळ बसायची ती बसून गेली होती. आणि मी आण्णांना ‘खात्यानं तोललाय’ म्हणून जी थाप मारली, असं मी दोन महिने समजत होतो, ती थाप नव्हतीच. खात्यानं खरोखर तोलला होता. दोन्ही पैसे हातात असलेला, दोन्हींतला फरक गुंजेपर्यंत माहीत असलेला, आणि त्यावर विष तोललं जातं हे कानांनी ऐकलेला एक माणूस या जगात होता. त्यानं तो फरक एका चांगल्या वाक्यात लिहून छापायला धाडला आणि मग चिंधीला गाठ मारली.

मी अंक घेऊन त्यांच्या खोलीत गेलो. ओळीवर बोट ठेवलं.

“साहेब, तुम्हाला ठाऊक होतं.”

त्यांनी चष्म्यातून बोटाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. घाबरले नाहीत. नवल वाटल्यासारखा चेहरा केला. “ते लेखासाठी घेतलेलं वजन आहे, पोतदार. ते आणि हे, याचा संबंध काय?”

मला वाटतं, त्यांना खरंच दिसत नव्हता. याचाच मला आजवर सगळ्यात जास्त राग आला आहे. खुनी माणसाला निदान मेलेला माणूस दिसतो.

“ही ओळ मी त्या बाईला नेऊन दाखवीन,” मी म्हणालो.

“दाखवा. मग ती विचारेल, त्रेपन्न कोण म्हणालं.” त्यांनी एक कागद माझ्यापुढं सरकवला. “हे आलंय आज. जूनपासून सांगली. पेढे आणा.”

मी पेढे आणले. पावशेर, आमच्याच शिक्क्याच्या वजनानं तोललेले.

आता शेवटची बेरीज. डबीर साहेबांना लेख मिळाला, पुढच्या सभेत टाळ्या मिळाल्या, त्या नमुन्याला त्यांचं नाव लागलं. कारखानीस डॉक्टरांनी उठून हात मिळवला, असंही ऐकलं. त्यांचा खर्च, बिस्किटांच्या डब्यातला एक जादाचा पाव आणा. आणि तोही निलव्वानं परत आणून दिला. मला सांगली मिळाली, थोरल्याला शाळा मिळाली, तो आज इंजिनिअर आहे. माझा खर्च, शून्य. अडुळशाची पुडीसुद्धा फुकट. निलव्वानं आषाढात दुकान मोडलं आणि गिरणीत मिरच्या कांडायला लागली; पुढं खोकून खोकून गेली, असं कुणीतरी सांगितलं. साळवड्याच्या लोकांना तापाची गोळी राहिली नाही. आण्णांनी जीव दिला, आणि नाव दिलं ते वेगळं. नफा आम्हा दोघांच्या घरी आला. भरलं सगळं शेट्यांनी.